उंची

इलाहीभाई शिकलगारांनी पट्टी काचेवर आडवी ठेवली
आणि विचारलं, लांबी किती धरू?
म्हटलं, लांबी राहू दे. उंची धरा.
ते हसले. खणभागात तीस वर्षं काच कापतायत,
लग्नाच्या फोटोंना, मिठाईच्या कपाटांना,
सोनेरी माशांच्या टाक्यांना. सगळं आडवंच.
"घोडा म्हणता, आवटी, मग पळायला जागा नको?"

हा घोडा पळत नाही हो. उभा राहतो.
जोडी जमली की शेपटीत शेपूट अडकवून
सरळ वर जातात दोघं, पाणी संपेपर्यंत.
टाकी बुटकी असली तर
नाच अर्ध्यातच डोक्याला लागतो.

हे मला कुठलं ठाऊक? सुव्रताची वही खिशात होती.
चौकटीची, गणिताची. तीत तिच्या अक्षरात:

पाणी चोवीस अंशांवर. (आपल्याकडे एप्रिलमध्ये कसं?)
पंपाच्या तोंडाला स्पंज, नाहीतर शेपूट ओढली जाते.
चपळ मासे शेजारी नकोत, ते जेवण पळवतात,
हा घास आधी एका डोळ्याने बघतो, मग दुसऱ्या,
मग विचार करतो.
याला जठर नाही. खाल्लेलं थांबत नाही.
दिवसातून तीनदा, चारदा द्यायचं.
धरायला काहीतरी. दोर, काडी, खोटं गवत, काहीही, पण हवंच.
पाण्याला ओढ नको.

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

रेघांचं मी विचारलं नाही.
गावभागात आमच्या भिंतीवर एक रेघ आहे,
मातकट, माझ्या खांद्याच्या वर,
दोनदा रंग दिला तरी ओल धरली की उमटते.
त्या ऑगस्टात ती चार वर्षांची. एका हातात खिडकीचा गज,
दुसऱ्या हातात माझी कॉलर,
होडी येईपर्यंत दोन्ही सोडलं नाही.
होडीत मूठ उघडली तर आत शर्टाचं बटण.

पान उलटलं की एकच ओळ, पेन्सिलीने,
खोडून पुन्हा लिहिलेली:
पिल्लं बाप पोटात वागवतो.

अडचण जेवणाची होती.
आमच्याकडे कांदासुद्धा दारातून परत जातो,
आणि हा खातो कोळंबीची पिल्लं, जमल्यास जिवंत.
बहीण म्हणाली, देवाच्या खोलीशेजारी हे चालायचं नाही.
सुव्रता म्हणाली, मग आत्या, तूच त्याला सांग,
चातुर्मास आहे म्हणून.

"उंच पाणी खालच्या काचेला जास्त रेटतं,"
इलाहीभाई म्हणाले. "दहा एमएम घ्या.
आठात भागेल, पण तुम्हाला झोप लागायची नाही."
दहा घेतली.
हिरा काचेवरून फिरला, बारीक रडल्यासारखा आवाज,
मग टक्क.

मंगळवारी टाकी स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये उभी,
तिच्या पलीकडून सुव्रताचे हात माझ्यापर्यंत पोचत नव्हते.
सिग्नलला थांबलो की ती काचेवर टकटक करायची,
आहे, म्हणून.

बुधवारी मिरजेचा मासेवाला म्हणाला,
कुणी सांगितलं तुम्हाला? हा मिळत नाही. विकत नाही कुणी.
वाघ ज्या कायद्यात आहे, त्यातच हाही.
चोरून मिळेल, पण मी देणार नाही.
मग आवाज उतरवून, तुमची पोरगी बरोबर आहे, म्हणून सांगतो,
वाळवून औषधाला नेतात हो त्याला. पोत्याने.

तिने तिथे काहीच म्हटलं नाही.
घरी येऊन वही काढली आणि
पहिल्या ओळीपासून कामाला लागली.
कुरिअरने आलेलं समुद्राचं मीठ, वाटी वाटी.
स्पंज. पंप सर्वांत कमी वेगावर.
मधोमध सुताचा दोर, वरून खाली, जरा हलणारा.
मी विचारलं, कुणासाठी गं?
ती म्हणाली, ओढ आहे का बघते.

आता तीन आठवडे झाले.
इलाहीभाई एकदा बघून गेले, कोपऱ्यातलं सिलिकॉन बोटाने चाचपलं,
आत कोण आहे ते विचारलं नाही.
सकाळी उठून ती आधी तापमापक बघते.
चोवीस, म्हणते.
मग कंगवा माझ्या हातात देऊन
पाठ करून बसते, वेणीसाठी.